एमेटच्या भिंतीवरची बंदूक

ऑर्विल टटलला एकदा बोलतं केलं की संपलं. हवा, रस्ते, ट्रकचं इंजिन आणि यंदा हरणं कुठल्या उतारावर चरतायत, या चार विषयांवर तो दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत बोलेल. पण पाचवा विषय काढा, म्हणजे तुझं मन कसं आहे, माझं कसं आहे, की गडी जो गप्प होणार तो होणारच. हा काही त्याच्या एकट्याचा दोष नव्हे. पेनसिल्व्हेनियाच्या उत्तरेकडच्या डोंगरातलं आमचं बार्क हॉलो, तिथले सगळेच पुरुष असे. दाढ दुखतेय म्हणून गावभर सांगत फिरतील, जीव दुखतोय हे मरेपर्यंत सांगणार नाहीत.

ऑर्विल शाळेची पिवळी बस चालवायचा. आधी बापांना शाळेत नेलं, मग त्याच बापांच्या पोरांना. मागच्या सीटवर दंगा झाला की मागे वळूनसुद्धा बघायचा नाही. नुसतं म्हणायचा, "तुझा बापही याच सीटवर बसून हेच करायचा. आज बघतोस ना त्याच्याकडे?" की बस चिडीचूप. पोरांचा त्याच्यावर जीव होता, आणि त्याचा पोरांवर. त्याला आणि लोइसला स्वतःचं मूल नव्हतं, त्याबद्दलही तो कधी बोलला नाही.

त्याचा एकच मित्र म्हणावा असा मित्र, एमेट ग्रोव्ह. एमेट गावच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायची गाडी चालवायचा. हिवाळ्यात अंधार असतानाच एमेटची गाडी पुढे आणि ऑर्विलची बस मागे, अशी वरात गावच्या तिन्ही दऱ्यांतून फिरायची. "पोरांचा रस्ता आधी, मग बाकीच्यांचा," असा एमेटचा कायदा. आणि तो बोलायला फटकळ, त्यामुळे कोणी हुज्जत घालायला जायचं नाही.

आमच्याकडे समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं, ओळख असो वा नसो. नाही उचललं तर संध्याकाळपर्यंत गावात चर्चा, की याचं काय बिनसलंय? ऑर्विल आणि एमेट एकमेकांना बघून दोन बोटं उचलायचे. शाळेत असल्यापासूनची त्यांची ती रीत होती.

आणि दरवर्षी नोव्हेंबरअखेरीस, थँक्सगिव्हिंगच्या जेवणानंतरचा सोमवार. तो आमचा खरा सण. त्या दिवशी हरणांची शिकार सुरू होते, शाळा बंद, लाकडाची गिरणी बंद. चर्चच्या तळघरात उजाडायच्या आत पॅनकेकचा नाश्ता असतो आणि पाद्रीबुवासुद्धा प्रार्थना आटोपती घेतात, कारण त्यांनाही जायचं असतं. ऑर्विल, एमेट आणि आणखी चौघांची मिळून डोंगरात एक लाकडी खोपटी होती. एक चूल, सहा खाटा, पत्ते, आणि भिंतभर ठोकलेल्या शर्टाच्या चिंध्या. ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाची मागची शेपटी कात्रीने कापायची, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि भिंतीला खिळ्याने ठोकायची, हा नियम. ऑर्विलच्या शेपट्यांनी एक अख्खी भिंत व्यापली होती. एमेटची एकच होती आणि तिच्यावरून तो अजून भांडायचा. "सूर्य डोळ्यात होता रे! सूर्याचा शर्ट कापा!"

एमेटची बंदूक त्याच्या वडिलांची. लिव्हर ओढून चालवायची जुनी रायफल, दस्त्याचं लाकूड बाप-लेकांच्या गालांनी झिजून गुळगुळीत झालेलं. ती त्याच्या स्वयंपाकघरात दारावरच्या भिंतीला टांगलेली असायची. आता आमच्याकडे माणूस बंदुका घेतो, विकतो, बदलतो, अग्निशमन दल वर्गणीसाठी काढतं त्या लॉटरीत जिंकतोही. पण बापाची बंदूक ही बापाची. ती मागायची नसते. तुम्ही एखाद्याची बायको पळवलीत तर लोक दोन वर्षं नावं ठेवतील आणि विसरतील. बापाची बंदूक मागितलीत तर तुमच्या नातवंडांना ऐकवतील.

हे सगळं ऑर्विलला माहीत नव्हतं असं नाही. पक्कं माहीत होतं.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये एमेटची बायको मॅर्जरी गेली. कॅन्सर. उन्हाळ्याच्या सुरुवातीला कळलं आणि उन्हाळा सरायच्या आत सगळं आटोपलं. मॅर्जरी म्हणजे त्या घराचा आवाज होता हो. एमेट चार शब्द बोलला की ती चाळीस बोलायची. तिच्यामागे त्या घरात इतकी शांतता झाली की फ्रिज चालू झाला तरी दचकायला व्हायचं.

गावातल्या बायकांनी रीतीप्रमाणे जेवणं पोचवली. बटाट्याचं सॅलड, हॅम, नूडल्स, भांड्याखाली चिकटपट्टी आणि पट्टीवर आपापलं नाव. दोन आठवड्यांनी भांडी न्यायला गेल्या तर भरलेलीच होती, ओसरीवर, मांजरांनी उष्टावलेली. लेक ट्रुडी ओहायोला सासरी. ती अंत्यविधीला येऊन गेली. जाताना जावयाने एमेटच्या दोन बंदुका पोरांसाठी नेल्या, एमेटनेच दिल्या. भिंतीवरची तेवढी राहिली.

मग एमेटने कुत्री देऊन टाकली. पेनी नावाची ती कुत्री त्याच्या खाटेखाली झोपायची. ती पलीकडच्या दरीतल्या एकाला देऊन आला. आणि त्यानंतर त्याने ज्याच्या त्याच्या वस्तू परत करायला सुरुवात केली. एमेट ग्रोव्हने वस्तू परत करणं म्हणजे आक्रीतच! या माणसाने कोणाची शिडी नेली की ती त्याचीच. अख्ख्या गावात त्यावर विनोद होते. आणि आता तोच दारोदार फिरून कोणाचा पाना, कोणाची शिडी, कोणाचा जॅक, पुसून, तेल लावून परत देत होता. ऑर्विलच्या ओसरीवर एका सकाळी त्याचा घण आणि दोन लोखंडी पाचरी दिसल्या. नेल्या होत्या तेव्हा ऑर्विलच्या डोक्यावर केस होते.

लोइस हसली. "चला, चमत्कार झाला एकदाचा."

ऑर्विल हसला नाही. पांढराफटक पडला.

त्याचा थोरला भाऊ वेंडेल. तरुण वयातच गेला. गावात सगळे म्हणतात, बंदूक साफ करताना उडाली. आमच्याकडे असंच म्हणतात. कोण कसा गेला हे सगळ्यांना कळलेलं असतं, आणि सगळे मान हलवून म्हणतात, साफ करत होता बिचारा. ऑर्विलच्या आईनेही तेच म्हटलं, बापानेही, आणि ऑर्विलनेही. जायच्या आदल्या आठवड्यात वेंडेलने सगळ्यांच्या वस्तू परत केल्या होत्या. ऑर्विलला आपला खिशातला चाकू दिला होता आणि म्हणाला होता, "तुझाच आहे, मी ढापला होता." ऑर्विल तेव्हा आनंदाने नाचला होता. ते नाचणं त्याला जन्मभर टोचलं.

त्या शनिवारी दुपारी तो ट्रक काढून एमेटकडे निघाला. वाटेत त्याने वाक्य पाठ केलं. काचेकडे बघून मोठ्याने म्हणाला, "एमेट, तू जिवाचं काही बरंवाईट तर करून घेणार नाहीस ना?" एकदा म्हणाला, दोनदा म्हणाला. बस चालवायला लागल्यापासून इतका घाम त्याला फुटला नव्हता.

एमेट स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. चुलीवर कॉफी होती आणि टेबलावर दोन कप.

"ये," एमेट म्हणाला. "बस."

ऑर्विल बसला नाही. बसलो की बोलावं लागणार. टोपी हातात फिरवत उभाच राहिला.

"बटाटे काढले नाहीस."

"नाही."

"सडतील."

"सडू देत."

 एमेट त्याच्याकडे बघत होता, वाट बघत असल्यासारखा. पाठ केलेलं वाक्य ऑर्विलच्या ओठांपर्यंत आलं. त्याची नजर वर गेली, दारावरच्या भिंतीकडे, आणि तोंडातून भलतंच निघालं.

"ती बंदूक मला विकत दे."

एमेटला आधी कळलंच नाही. "कुठली?"

"ती. तुझ्या वडिलांची. माझा कधीपासून डोळा होता तिच्यावर."

धादांत खोटं. पण ज्याला खोटं बोलायची सवय नसते तो खोटं बोलला की समोरच्याला ते खरंच वाटतं.

एमेटने कप खाली ठेवला. "मॅर्जरीला जाऊन दोन महिनेही झाले नाहीत, ऑर्व."

"म्हणूनच म्हणतोय. तुला आता ती काय करायची?"

अरे देवा! माणसाच्या जिभेला हाड नसतं म्हणतात ते उगाच नाही. ऑर्विलला म्हणायचं होतं की ती तुझ्या घरात नको, मला भीती वाटते. आणि म्हणाला हे.

एमेट उठला. बंदूक खाली काढली, सवयीने उघडून रिकामी आहे ना ते बघितलं आणि टेबलावर ठेवली. "ने."

ऑर्विलने खिशात होत्या तेवढ्या नोटा टेबलावर ठेवल्या. एमेटने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"काडतुसंही दे," ऑर्विल म्हणाला.

एमेट हसला, कोरडं. खण ओढून डबी त्याच्यापुढे सरकवली. "आणखी काय हवंय? हे कप ने ना. मॅर्जरीचे आहेत, चांगले आहेत."

ऑर्विल बंदूक घेऊन ट्रकमध्ये बसला. मनात एकच होतं. वाचवला. या वेळी वाचवला. घरी येऊन त्याने लोइसला सगळं सांगितलं.

लोइसने सगळं ऐकून घेतलं. "विचारलंस का त्याला?"

"बंदूक आणली ना मी."

"ते दिसतंय मला. विचारलंस का?"

ऑर्विलने बंदूक कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि बाहेर लाकडं फोडायला गेला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. या वेळी बसायचं ठरवून गेला. एमेटने दार उघडलं नाही. आतून त्याच्या चालण्याचा आवाज येत होता. लोइस जेवण घेऊन गेली तर तिलाही तेच. शेवटी ऑर्विलने ट्रुडीला फोन केला. "बाबा जेवत नाहीत तुझे. येऊन राहा थोडे दिवस." ती बिचारी पोरं नवऱ्यावर टाकून धावत आली आणि हिवाळा लागेपर्यंत राहिली. आता ही गोष्ट गावात कोणाला माहीत? कोणालाच नाही. गावाला माहीत झाली ती दुसरीच.

ट्रुडीने एमेटची दाढी करवली आणि त्याला डिक्सीच्या हॉटेलात नाश्त्याला घेऊन आली. काउंटरवर नेहमीची माणसं होती. कोणीतरी विचारलं, "काय एमेट, यंदा सोमवारी दिसणार ना डोंगरात?"

"काय घेऊन येऊ? केरसुणी?" एमेट म्हणाला. आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बायकोच्या थडग्यावरची माती बसली नाही तोवर ऑर्विल टटल माझ्या बापाची बंदूक घेऊन गेला. वर विचारतो, तुला आता काय करायचीये!"

डिक्सीच्या हातातली किटली तशीच राहिली. "ऑर्विल? आपला ऑर्विल?"

"तुमचा असेल," एमेट म्हणाला.

झालं. दुपारपर्यंत तिन्ही दऱ्यांत पोचलं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा, असं लोक म्हणू लागले. ज्यांना त्याने काखोटीला मारून बसमध्ये चढवलं होतं, तेही म्हणू लागले. डिक्सी त्याला कॉफी द्यायची पण पहिल्यासारखी थट्टा करायची नाही. एक मात्र झालं. संतापाने एमेट सावरला. जेवू लागला, कामावर जाऊ लागला, चारचौघांत शिव्या घालू लागला. राग हेही एक अन्नच असतं, काही माणसं त्यावर वर्षानुवर्षं जगतात.

"सांगून टाक ना एकदा," लोइस म्हणायची. "का घेतलीस ते सांग लोकांना."

"काय सांगू? एमेट जीव द्यायला निघाला होता म्हणून? डिक्सीच्या हॉटेलात सांगू? उद्या रस्ते खातं त्याला गाडीवर बसू देईल का?"

"मग त्याला तरी सांग."

 तोंड दाबून बुक्क्यांचा मार. वेंडेलचं नाव तोंडातून काढल्याशिवाय हे सांगता येणार नव्हतं, आणि वेंडेल बंदूक साफ करत होता.

शिकारीच्या आदल्या शनिवारी तो बंदूक घोंगडीत गुंडाळून एमेटच्या ओसरीवर गेला. एमेट आता बरा दिसत होता, घरात लेक होती. निदान सोमवार तरी त्याला मिळावा.

एमेट जाळीच्या दाराआडूनच बोलला. "काय आणलंस?"

"तुझी आहे. घे. मी चुकलो."

"विकली ती विकली. मी भिकारी नाही."

"पैसे नकोत रे मला."

"म्हणजे दान? ग्रोव्हांना दान देतोस, टटल?"

ऑर्विलने घोंगडी ओसरीवर ठेवली आणि निघून आला. सकाळी उठून पाहतो तर ती त्याच्याच ट्रकच्या मागच्या हौद्यात, रात्रभर पावसात भिजलेली. त्याने बंदूक सगळी सुटी केली, कोरडी केली, तेल दिलं आणि पुन्हा कपाटात ठेवली. बघवत नव्हती त्याला. एक गोळी कधी झाडली नाही तिच्यातून. पण गंज चढू दिला नाही. दरवर्षी काढायचा, पुसायचा, ठेवायचा. लोइस म्हणायची, "विकून टाक, नदीत टाक, काहीतरी कर." तो म्हणायचा, "माझी नाहीये ती."

त्या सोमवारी एमेट डोंगरात आला नाही. कोणी आपली जादा बंदूक देऊ केली तर म्हणाला, उसनी नको. पोरवयापासून त्याने एकही सोमवार चुकवला नव्हता. खोपटीत त्याची खाट रिकामी, आणि चौघांनी पत्ते वाटले ते चौघांतच. ऑर्विल चुलीशी बसून लाकडं सरकवत राहिला. पुढच्या वर्षी तोही गेला नाही. मग दरवर्षी त्या सोमवारी दोन घरांत दोन म्हातारे खिडकीशी बसून डोंगरातले बार ऐकायचे, आणि मध्ये जेमतेम एक मैलाचं अंतर.

बर्फ मात्र एमेट पूर्वीसारखाच काढायचा. पोरांचा रस्ता आधी. त्यात त्याने कधी कुचराई केली नाही. परत येताना घाटाच्या वळणावर दोन्ही गाड्या समोरासमोर यायच्या. ऑर्विल दोन बोटं उचलायचा. एमेटचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट, नजर सरळ. अनोळखी माणसालासुद्धा आम्ही असं करत नाही. दहा-अकरा हिवाळे ऑर्विल बोटं उचलत राहिला. मग दोघंही निवृत्त झाले आणि तेवढंही उरलं नाही.

त्याच वर्षी एमेटची फुप्फुसं गेली. त्याला शहरातल्या इस्पितळात ठेवलं तेव्हा ट्रुडीचा फोन आला.

"ऑर्विलकाका, बाबांना भेटून जा."

"माझं नाव काढलं त्याने?"

"नाही. सगळ्यांची नावं काढतात, तुमचंच काढत नाहीत. म्हणून तर सांगतेय."

तो रविवार होता. लोइसने त्याच्या शर्टाची कॉलर सारखी केली आणि म्हणाली, "या वेळी तरी विचार."

एमेट उशाला रेलून बसला होता. नाकाला नळी, अंगात काही उरलं नव्हतं. ऑर्विलला बघून त्याने तोंड फिरवलं नाही. ऑर्विल खुर्ची ओढून बसला. आधी बसला. आणि मग खाली फरशीकडे बघत एका दमात बोलून गेला.

"वेंडेल बंदूक साफ करत नव्हता. त्याने जाण्याआधी सगळ्यांच्या वस्तू परत केल्या होत्या. तूही केल्यास. कुत्री दिलीस. मला भीती वाटली, एमेट. म्हणून नेली मी ती. माझा कधी डोळा नव्हता तिच्यावर. तू जीव देणार होतास का रे?"

नळीतून हवेचा आवाज येत राहिला.  मग एमेट म्हणाला, "वस्तू मॅर्जरीने परत करायला सांगितल्या होत्या. शेवटी शेवटी. लोकांची भांडीकुंडी ठेवून घेऊ नकोस, मला लाज वाटते म्हणाली. लग्नापासून सांगत होती."

"आणि पेनी?"

"दाराशी बसून रडायची. मॅर्जरी येईल म्हणून. सहन होईना मला."

ऑर्विलने डोळे मिटून घेतले. "म्हणजे तू नव्हतास..."

"थांब. मला दम लागतो." एमेट दम खात राहिला. "नव्हतो असं नाही. होतो असंही नाही. रात्री काढायचो खाली. मांडीवर घेऊन बसायचो. परत टांगायचो. सोमवार येऊ दे म्हणायचो. तू असशील, चूल असेल, मग बघू."

"मग मी बरोबरच..."

"ऐक ना जरा. तू त्या दिवशी आलास. तुझा ट्रक मला वळणावरच दिसला होता. मी उठून दुसरा कप काढला. महिनाभरात पहिल्यांदा काही करावंसं वाटलं. म्हटलं, ऑर्व आला. आता हा विचारेल. विचारलं की सगळं सांगू. रडायचं झालं तर त्याच्यासमोर रडू, त्यात काय." त्याने मान ऑर्विलकडे वळवली. "आणि तू माझ्याकडे बघितलंसही नाहीस रे. भिंतीकडे बघितलंस."

ऑर्विलने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं.

"मॅर्जरी गेली ते मला समजत होतं," एमेट म्हणाला. "आजारीच होती. तू का गेलास ते कळेना."

ऑर्विल रडला. खुर्चीत पुढे वाकून, खांदे हलवून, आवाज न लपवता रडला. नर्स दारातून डोकावली आणि परत गेली. एमेटने हात पुढे केला पण तो पलंगाच्या कठड्यापर्यंतच पोचला. मग ऑर्विलनेच तो धरला. दोघं सकाळपासून दुपारपर्यंत बसले. जेवणाचं ताट आलं तेव्हा ऑर्विलने त्याला चमच्याने सूप भरवलं, आणि एमेटने हळू भरव म्हणून त्याला शिव्या घातल्या.

निघताना ऑर्विल म्हणाला, "पुढच्या रविवारी येतो."

"ये," एमेट म्हणाला. "पण या वेळी काही विकत घ्यायला येऊ नकोस."

ऑर्विल हसत बाहेर पडला. लिफ्टपर्यंत हसत होता.

गुरुवारी एमेट गेला. ट्रुडीने ऑर्विलला शवपेटीला खांदा द्यायला सांगितलं, तेव्हा गावात कुजबुज झालीच. याला कशाला? ट्रुडीने उत्तर दिलं नाही आणि ऑर्विलनेही दिलं नाही. अजूनही दिलेलं नाही. डिक्सीच्या हॉटेलात तो अजून बंदूक लाटणाराच आहे.

दफन झाल्यावर घरी आला, टोपी काढली आणि स्वयंपाकघरात लोइससमोर बसला. तिने काही विचारलं नाही. त्यानेच सांगितलं.

"अकरा वर्षं होती गं आमच्याकडे, लोइस. एक रविवार मिळाला. नुसतं विचारायचं होतं त्याला. त्याला काय लागत होतं? मी खिशात हात घातला आणि पैसे काढले."